सगळ्यांना एकाच कारखान्याची गाडी, मग शर्यत कसली?

वायगावची_हळद:
अमेरिकेतल्या इंडीकार या मोटारशर्यतींच्या मालिकेत २०१२ पासून प्रत्येक संघाचा सांगाडा इटलीच्या दल्लारा कंपनीचाच. इंजिन होंडा नाहीतर शेवरले, एवढीच काय ती निवड. फॉर्म्युला टू, फॉर्म्युला थ्री, जपानची सुपर फॉर्म्युला, तिथेही दल्लाराच. तळेगाव दशासरच्या शंकरपटात कास्तकार आपापली जोडी घेऊन येतो. आयोजकांनीच सारखे बैल वाटले तर पाहायला कोण जाईल? १९६५ मध्ये जिम क्लार्कने मागे इंजिन असलेली लोटस आणून इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत मारली, आणि समोर इंजिन असलेल्या गाड्यांचा जमाना संपत आला. आज असं धाडस नियमातच बसत नाही.

पोट्टा_आर्णीचा:
भाऊ, बैलायले मधात नका आणू. शर्यतीच्या गाड्या बनवणारी रेनार्ड कंपनी २००२ मध्ये दिवाळ्यात गेली, तशीच १९५८ ची लोला कंपनी २०१२ मध्ये बसली. मोकळ्या स्पर्धेत यंदाची गाडी पुढच्या साली भंगार होते. पैसे कोण देईन? फॉर्म्युला वनसारख्या गडगंज लोकायनं २०२१ पासून संघामागं साडेचौदा कोटी डॉलरची खर्चमर्यादा घातली, ते काऊन?

मोर्शी_संत्रा:
सारखी गाडी म्हणजे नशिबाचा खेळ, असं कोणी समजू नये. ॲलेक्स पलो इंडीकारचा २०२१, २०२३, २०२४ आणि २०२५ चा विजेता, चारही वेळा चिप गनासीच्या संघाकडून. चाकांचे धक्के झेलणारे डँपर संघ स्वतः घडवतात, आणि गाडीची जुळवणी ज्याची त्याची. उलट दल्लाराने बांधलेली गाडी २०१० मध्ये एचआरटी नावाच्या संघाने फॉर्म्युला वनमध्ये उतरवली. आपला करुण चंढोक तीच चालवत होता. संघाला वर्षभरात एक गुण नाही.

वायगावची_हळद:
अहो, हेच तर म्हणतोय! फेरारी, रेड बुलसमोर दल्लारा उघडी पडली. इंडीकारमध्ये तिला कोणासमोर उभंच राहावं लागत नाही. २०१२ चा मूळ सांगाडा २०२५ च्या मोसमातही चालू होता. मधे २०२० मध्ये चालकासमोर पारदर्शक कवच बसवलं, ते चांगलंच झालं. पण समोर कोणी नसेल तर कंपनी नवी गाडी कशाला काढेल?

पुसद_वेल्डिंग:
माह्या वर्कशॉपात कॉलेजची पोरं येतात, फॉर्म्युला भारत या कॉलेजच्या गाड्यायच्या स्पर्धेसाठी पाइपची चौकट जोडून घ्याले. इंजिन ७१० सीसीच्या आत पायजे, बाकी गाडी ज्याची त्याची. कित्येक गाड्या तपासणीतच अडकतात, तरी पोरं हटत नाहीत. विलायतेत १९६७ पासून फॉर्म्युला फोर्ड असंच चालत आलं: इंजिन सारखं, सांगाडा कोणीही बांधावा. हे काऊन नाही जमत?

पोट्टा_आर्णीचा:
ते शिकणं झालं. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन टाकून फॉर्म्युला मारुती बनवली. सस्ती, सगळ्यायले सारखी. नारायण कार्तिकेयन तिच्यातूनच निघाला, २००५ मध्ये फॉर्म्युला वनच्या जॉर्डन संघाच्या गाडीत बसला. कंपन्यायच्या भांडणात असा पोट्टा वर आला असता का?

वायगावची_हळद:
चालक घडवायला सारखी गाडी, एकदम मान्य. पण इंडीकार काय शाळा आहे? तिथे निदान दोन कंपन्यांना येऊ द्या आणि सांगाड्याची किंमत नियमानेच बांधून द्या.

पोट्टा_आर्णीचा:
किंमत बांधली अन् गिऱ्हाईक अर्धे झाले, तर दुसरी कंपनी येईन कशाले?