‘अनपॉप्युलर ओपिनियन’ : अप्रिय मत, अल्पमत की न खपणारे मत?

विचारणा

हेवी मेटल आणि रॉक ऐकणाऱ्या मंडळींच्या आवडीनिवडींवर मी मराठीत एक लेख लिहीत आहे आणि त्यातल्या एका शब्दापाशी अडलो आहे. बहुतेक चाहत्यांना मान्य नसलेले काही बोलायचे असले की ही मंडळी आधी ‘अनपॉप्युलर ओपिनियन’ असे म्हणून घेतात. याला मी ‘अप्रिय मत’ असे लिहिले. परंतु मेटॅलिका या मेटल बँडविषयीचे ‘मेटॅलिकाचा १९९१ चा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम हाच त्यांचा सर्वांत चांगला अल्बम आहे’ हे वाक्य त्या शब्दाशेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दोन्हींचे जुळेना. दुसरा शब्द सुचवावा. ‘हेवी मेटल’ मात्र मी तसेच ठेवणार आहे, कारण ‘जड धातू’ म्हटल्यावर मराठी वाचकाला पाण्यातले शिसे आणि पारा आठवतो.

प्रतिसाद

आपल्याला खटकले ते योग्यच आहे. ‘अप्रिय’ या शब्दाचा सगळा रोख ऐकणाऱ्याच्या मनाकडे असतो. सत्य असले तरी अप्रिय बोलू नये, असे मनुस्मृतीतले वचन आहे, आणि आजही आपण ‘अप्रिय घटना’ किंवा ‘अप्रिय निर्णय’ म्हणतो तेव्हा त्याने कुणाला तरी वाईट वाटणार हे गृहीत धरलेले असते. आपल्याला हव्या असलेल्या शब्दात वाईट वाटण्यापेक्षा मान्य नसणे अधिक आहे.

या क्षेत्रातलेच उदाहरण घेऊ. १९८० च्या ‘हेवन अँड हेल’पासूनचे, म्हणजे रॉनी जेम्स डिओच्या आवाजातले ब्लॅक सॅबथ (हाही मेटल बँडच) हे आधीचा गायक ऑझी ऑस्बॉर्नच्या काळातल्या सॅबथपेक्षा सरस आहे, असे मानणारे चाहते कितीतरी वर्षे तसे उघडपणे म्हणत आले आहेत. हा साधा मतभेद आहे, कारण दोन्ही बाजूंना भरपूर माणसे आहेत. परंतु ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ऑझी शेवटचा गायला आणि २२ जुलैला तो गेला. त्या आठवड्यात हेच वाक्य उच्चारले असते, तर ते अप्रिय ठरले असते. मत बदलले नाही, मानणारेही तितकेच राहिले, बदलली ती ऐकणाऱ्यांची मनःस्थिती.

‘अल्पमत’ हा शब्द सरकारच्या आणि सभागृहाच्या कामाचा आहे. तो येताच मतमोजणी आठवते. ‘लोकविलक्षण’मध्ये कौतुक दडलेले आहे. ‘लोकमताविरुद्ध’ हा शब्द वरवर जवळचा वाटतो, पण आपल्याच उदाहरणाला तो लावला तर अर्थ चक्क उलटा होतो, आणि खरी गोम इथेच आहे.

त्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत १ कोटी ६० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. लोकमत म्हणजे लोकांचे मत असेल, तर ते त्याच्याच बाजूने आहे. विरोधात आहेत ते त्या बँडचे जुने चाहते, ज्यांचे कान १९८३ ते १९८८ या काळातल्या चार अल्बमांवर तयार झाले होते. १९८८ च्या अल्बमचे शीर्षकगीत नऊ मिनिटांहून लांब आणि वळणावळणाचे होते. त्यानंतर मॉट्ली क्रू या दुसऱ्या बँडचा १९८९ चा अल्बम घडवणारा बॉब रॉक निर्माता म्हणून आला, गाणी आटोपशीर झाली, वेग उतरला, ढोलाचा आवाज भरदार झाला, आणि जुन्या चाहत्यांना आपले काही तरी काढून घेतल्यासारखे वाटले. म्हणजे हे मत लोकांच्या विरोधात जात नाही, गोताच्या विरोधात जाते. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण ज्या नात्यासाठी आहे, ते नाते इथे आहे. बाहेरच्या माणसाने तो अल्बम उत्तम म्हटल्यास चाहते दुर्लक्ष करतात. आपल्यातल्याने म्हटल्यास मात्र वाद पेटतो.

म्हणून मी ‘न खपणारे मत’ असे सुचवतो. मराठीत एखादे म्हणणे पटत नाही तेव्हा त्याचा संबंध विचाराशी असतो, रुचत नाही तेव्हा आवडीशी असतो, आणि खपत नाही तेव्हा सहनशीलतेशी असतो. ‘त्यांना हे खपणार नाही’ या वाक्यात बोलणाऱ्याला रोखणारा एक गट आपोआप उभा राहतो. शिवाय ‘खपणे’ म्हणजे विकले जाणेही आहेच. जो अल्बम सर्वांत जास्त खपला, त्याचीच स्तुती चाहत्यांत खपत नाही, ही सगळी गुंतागुंत एकच क्रियापद सांभाळते. इतके नेमके काम करणारा शब्द आपल्या भाषेत आहे याचा मला मनापासून आनंद होतो.

दुसरा प्रतिसाद

‘न खपणारे’ मला मान्य आहे, परंतु ते सरसकट वापरू नये. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडन या मेटल बँडचा दौरा मुंबईतून सुरू झाला, तेव्हा वांद्र्याच्या मैदानाबाहेरच्या रांगेत मी मित्राला म्हणालो की, नंतर आलेला गायक ब्लेझ बेली याच्या आवाजातला १९९५ चा अल्बम मला त्यांच्या उत्तम अल्बमांपैकी एक वाटतो. तो दौरा ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा होता आणि आजूबाजूचा प्रत्येक जण त्यासाठीच आलेला होता. मित्राने ‘हे इथे बोलू नकोस’ असे सांगितले. हे न खपणारे मत झाले. याउलट मेटॅलिकाच्या २००३ च्या अल्बममधला तो डब्यासारखा वाजणारा स्नेअर ड्रम (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ढोल) मला आवडतो असे कुणी म्हटले, तर त्यावर कुणी रागावत नाही, फक्त नवल करतात. ही आवड आहे, मत नव्हे. तिला ‘जगावेगळी आवड’ म्हणणे पुरेसे आहे.

‘पाखंड’ हा शब्दही विचारात घ्यावा असे मला वाटते. संप्रदायाच्या आत राहून संप्रदायाला अमान्य असलेले बोलणे हा त्याचा गाभा आहे, आणि मेटलच्या चाहत्यांतले सोवळेओवळे पाहता तो लागू पडतो.

पहिल्या प्रतिसादकाकडून

‘पाखंड’ला माझी हरकत आहे. मराठीत त्या शब्दावर ढोंगाचा रंग इतका गडद चढला आहे की, प्रामाणिकपणे मत मांडणारा माणूस वाचकाला लबाड वाटेल. ‘सोवळे’ मात्र जरूर वापरावे. अस्सल मेटल कोणते आणि कोणते नव्हे याची राखण करणाऱ्यांच्या वृत्तीला ‘सोवळेपणा’पेक्षा चांगला शब्द मला सुचत नाही. आवड आणि मत यांतला फरक आपण दाखवलात, तो मी स्वीकारतो.

एक व्याकरणाची गोष्ट राहिली. ‘अप्रिय मत’ हे कुणाला अप्रिय, ते न सांगताही चालते. ‘न खपणारे’ म्हटले की ‘कुणाला?’ हा प्रश्न लगेच येतो, आणि त्याचे उत्तर लिहिणे लेखकाला टाळता येत नाही.

विचारणाऱ्याकडून

लेखातले वाक्य मी असे बदलले आहे : ‘१९९१ चा अल्बम हा मेटॅलिकाचा सर्वोत्तम अल्बम आहे, हे त्यांच्या जुन्या चाहत्यांना न खपणारे मत मी गेली अनेक वर्षे बाळगून आहे.’ ‘जुन्या चाहत्यांना’ हे शब्द आधीच्या मसुद्यात नव्हते.