मदत हवी आहे: सेन्सर बसवूनही बेअरिंग न सांगता गेलं

धागा काढण्यास कारण की, गेल्या आठवड्यात ब्लोअरच्या मोटरचं बेअरिंग जॅम झालं आणि अख्खी रात्रपाळी बसून राहिली. ही मोटर आमच्या 'स्मार्ट' यादीत पहिल्या नंबरवर! तिच्यावर कंपन आणि तापमान मोजणारा सेन्सर आहे, गेटवेमार्फत (सेन्सरचा डेटा पुढे पाठवणारी पेटी) डेटा सर्व्हरवर जातो, ऑफिसात भिंतभर स्क्रीन आहे. पाहुणे आले की आधी तोच दाखवतात.

मोटर २२ किलोवॅटची, पक्क्या फाउंडेशनवर, फेरे मिनिटाला १४७०. सेन्सर दर १० मिनिटांनी कंपनवेगाचा एकच आरएमएस (एक प्रकारची सरासरी) आकडा पाठवतो. आयएसओ १०८१६ या मशीनच्या कंपनाच्या मानकातला तक्ता बघून मी अलार्म ४.५ मिमी प्रति सेकंदावर ठेवला होता. आकडा महिनोन्‌महिने २.१ ते २.४. शेवटच्या तासाभरात चढला खरा, पण अलार्म वाजला तेव्हा बेल्ट जळल्याचा वास आधीच आला होता.

खरी टोचणी वेगळीच. आमच्या जुन्या फिटरने पंधरा दिवस आधी स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवून, मूठ कानाला लावून सांगितलं होतं, "साहेब, ही कुरकुरतेय." मी त्याला स्क्रीन दाखवला. आता तो काही बोलत नाही, नुसता बघतो.

सीएनसी (प्रोग्रामवर चालणाऱ्या) लेथवर उलटी तऱ्हा. जाड कट घेतला की अलार्म, जॉब बदलला की अलार्म, दिवसाला तीस-चाळीस. मेंटेनन्सचा ग्रुप सगळ्यांनी म्यूट केलाय (मीसुद्धा). आणि वरून आता "एआय लावा" म्हणून तगादा.

मर्यादा चुकली, सेन्सर चुकला की आम्हीच? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
सेन्सर नेमका कुठे लावलाय?

धागाकर्ता
मोटरच्या मागे, पंख्याच्या कव्हरवर, चुंबकाने. तिथे हात पोचतो म्हणून. बेअरिंग गेलं ते पुलीच्या बाजूचं.

प्रतिसाद १
मग निम्मं उत्तर तिथेच मिळालं. ते पत्र्याचं कव्हर स्वतःच थरथरतं आणि बेअरिंगचा आवाज तिथपर्यंत धड पोचत नाही. तुमच्या फिटरने टोक कुठे टेकवलं होतं, विचारा. सेन्सरची जागा तीच.

बाकीचं निम्मं असं. बेअरिंगच्या रेसवर (ज्या कड्यावरून गोळ्या फिरतात त्यावर) बारीक खड्डा पडला की प्रत्येक गोळी त्यावरून जाताना टिचकी मारते. बाहेरच्या रेससाठी ढोबळ हिशेब: ०.४ गुणिले गोळ्यांची संख्या गुणिले सेकंदाचे फेरे. ८ गोळ्या आणि २४.५ फेरे धरले तर सेकंदाला साधारण ७८ टिचक्या. सुरुवातीला त्या इतक्या हलक्या असतात की धातू फक्त काही किलोहर्ट्‌झवर किणकिणतो. तुमचा आकडा बहुधा १० ते १००० हर्ट्‌झचाच असणार. असंतुलन, अलाइनमेंट, ढिले बोल्ट त्यात दिसतात. कोवळं दुखणं दिसत नाही.

शिवाय तुमच्या मापाच्या मोटरला पक्क्या फाउंडेशनवर २.८ च्या वर गेलं की दुरुस्तीची तयारी करायची असते. ४.५ म्हणजे नुकसानीची हद्द. तुम्ही घंटा शेवटच्या पायरीवर टांगलीत. आता नवीन बेअरिंग बसलंय, तर पहिल्या पंधरवड्याचे आकडे पाया धरा आणि वाढ बघा. सेन्सर १० किलोहर्ट्‌झपर्यंत मोजणारा घ्या. दिवसातून दोनदा काही सेकंदांचा कच्चा सिग्नल घेऊन त्याचं एन्व्हलप स्पेक्ट्रम (टिचक्या सेकंदाला किती वेळा येतात ते दाखवणारा आलेख) काढलंत तरी पुरे, दर १० मिनिटांचा हट्ट नको.

प्रतिसाद २
लेथबद्दल. मशीन त्या क्षणी काय करत होतं हे अलार्मला ठाऊकच नाही. स्पिंडल ड्राइव्हच्या वायरवर एक सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) लावा. करंटवरून मशीन बंद, रिकामं की कटिंगमध्ये, हे कळतं. पीएलसीकडून (मशीनच्या कंट्रोलरकडून) प्रोग्राम नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्याच प्रोग्रामची तुलना त्याच प्रोग्रामशी करा आणि लागोपाठ तीन वेळा मर्यादा ओलांडली तरच मेसेज जाऊ द्या. त्याआधी गेटवे आणि पीएलसीची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळवा. आमच्याकडे चार मिनिटांच्या फरकाने दोन महिने नाचवलं होतं.

एआयला शिकवायला बिघाडाच्या नोंदी लागतात. तुमच्याकडे किती आहेत? एक? मग आधी प्रत्येक अलार्मपुढे फिटरकडून काय सापडलं ते लिहून घ्या, काहीच सापडलं नाही तरी.

धागाकर्ता
दोघांचे आभार. फिटरने न बोलता पुलीच्या बाजूला खडूने फुली मारून दिली. तिथे सेन्सर बसवायच्या स्टडसाठी (स्क्रूसाठी) भोक पाडायला मात्र हात धजत नाही. चिकटवलेली पॅड चालेल का?

प्रतिसाद १
चालेल. जागा सपाट करा, रंग खरवडून धातू उघडा करा आणि एपॉक्सीचा थर पातळ ठेवा. रंगावर चिकटवलीत तर पुन्हा धागा काढावा लागेल.