मदत हवी आहे : हिंदीतला ‘क्षार’ आणि मराठीतला ‘क्षार’

माझी भाची इंदूरला आठवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकली असून यंदा महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या नववीत जाणार आहे. सेमी-इंग्रजीचा पर्याय त्या शाळेत नाही. तिच्यासाठी मी रसायनशास्त्रातील संज्ञांचा दोन रकान्यांचा तक्ता केला आहे. तत्त्व-मूलद्रव्य, यौगिक-संयुग, संयोजकता-संयुजा, तनु-विरल या जोड्या तिने चटकन आत्मसात केल्या.

खरी अडचण ‘क्षार’ या शब्दाची आहे. हिंदीत आम्लारीला (इंग्रजीत ‘बेस’, म्हणजे आम्लाला उदासीन करणारा पदार्थ) क्षारक म्हणतात, त्यांपैकी पाण्यात विरघळणारे ते क्षार, आणि अम्ल व क्षारक यांच्या उदासिनीकरणातून बनते ते लवण. मराठीत मात्र त्या लवणालाच क्षार म्हणतात. काल तिने वहीत ‘सोडिअम हायड्रॉक्साइड हा क्षार आहे’ असे लिहिले, जे हिंदीत अचूक आणि मराठीत सपशेल चूक आहे. चुन्याच्या निवळीने, म्हणजे आम्लारीने, हळदीचा कागद लाल झालेला तिने स्वतः पाहिला आहे, त्यामुळे संकल्पनेबद्दल शंका नाही. घोळ केवळ शब्दाचा आहे.

महाराष्ट्रात विज्ञान शिकवणाऱ्यांनी कृपया सांगावे : पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीसाठी उत्तरपत्रिकेत ‘अल्क’ लिहावे की ‘अल्कली’, आणि दोन्ही भाषांत अर्थ बदलणारे असे आणखी कोणते शब्द तक्त्यात घ्यावेत?