केमिस्ट्री आवडते म्हणून केमिकल घ्यायचं का? इंडस्ट्रिअल केमिस्ट्री म्हणजे नक्की काय?

कळव्याची_पोर
नमस्कार. बारावी झाली, सीईटी झाली, अ‍ॅडव्हान्स्ड पण दिली पण रँक काही फार वरचा नाही. राहते कळव्यात. बाबा बावीस वर्षं रबाळे एमआयडीसीत ऑपरेटर आहेत आणि त्यांचं एकच म्हणणं, काहीही घे पण केमिकल नको, मी आयुष्यभर तो वास अंगाला घेऊन घरी आलोय तेवढं पुरे. मला मात्र केमिस्ट्रीच आवडते, ऑरगॅनिकच्या मेकॅनिझम मी टाइमपास म्हणून सोडवते, पण फिजिक्सचं रोटेशन आलं की पोटात गोळा. आता गोंधळ असा झालाय की जोसाच्या (आयआयटी-एनआयटी प्रवेशाच्या) यादीत आयआयटी हैदराबादला इंडस्ट्रिअल केमिस्ट्री नावाचं चार वर्षांचं बीटेक दिसलं, माटुंग्याला आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) केमिकल इंजिनीअरिंग वेगळं आणि केमिकल टेक्नॉलॉजी वेगळं, आणि घराजवळ ऐरोलीला दत्ता मेघेमध्ये केमिकल ब्रँच आहेच. क्लासचे सर म्हणाले सगळं सेमच असतं गं. मला तसं वाटत नाही म्हणून विचारतेय.

रबाळे_सी_शिफ्ट
सेम अजिबात नाही. मी मुंबई युनिव्हर्सिटीचा केमिकल इंजिनीअर, प्लांटमध्ये चौदा वर्षं झाली. अ‍ॅडमिशनच्या वेळी मला कोणी सांगितलं नाही ते सांगतो, केमिकल इंजिनीअरिंगमध्ये केमिस्ट्री फार थोडी असते. सुरुवातीला जरा ऑरगॅनिक, फिजिकल होतं, मग फ्लुइड फ्लो, हीट ट्रान्सफर, मास ट्रान्सफर, थर्मो, प्रोसेस कंट्रोल, आणि सगळ्याच्या मुळाशी मटेरियल बॅलन्स (किती माल आत गेला, किती बाहेर आला याचा हिशोब) आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. म्हणजे फिजिक्स आणि मॅथ्सच. रिअ‍ॅक्शन एसएन१ की एसएन२ (ऑरगॅनिकमधल्या दोन मेकॅनिझम) हे मला नोकरीत आजपर्यंत कोणी विचारलं नाही.

विचारतात ते असं: लॅबने १ लिटरच्या फ्लास्कमध्ये केलं ते १००० लिटरमध्ये कर. आता बघ, भांडं सगळ्या बाजूंनी दहापट मोठं केलं की आतला माल होतो हजारपट पण बाहेरचा पृष्ठभाग फक्त शंभरपट, म्हणजे दर लिटरमागे थंड करायला जागा राहिली एक दशांश. फ्लास्क बर्फात ठेवून अ‍ॅसिड अर्ध्या तासात टाकता येतं, प्लांटमध्ये तेच टाकायला आठ तास लागू शकतात कारण जॅकेट (रिअ‍ॅक्टरभोवतीचं थंड पाणी फिरवायचं कवच) तेवढी उष्णता ओढूच शकत नाही. माझ्या पहिल्या कंपनीत (नाव नको) एका नायट्रेशनच्या (नायट्रिक अ‍ॅसिडची रिअ‍ॅक्शन, फार तापते, आवरली नाही तर स्फोट) बॅचला लॅबचीच वेळ लिहून आली होती. ५ डिग्रीला धरायची बॅच १८ वर गेली, आमच्या जुन्या ऑपरेटरने कोणाला न विचारता अ‍ॅडिशन, म्हणजे अ‍ॅसिड टाकणं, बंद केलं म्हणून आज हे टाइप करतोय. मी तेव्हा ट्रेनी, नुसता काट्याकडे बघत उभा होतो. त्यामुळे तुझ्या बाबांना हलक्यात घेऊ नकोस हां.

एक कर. घरच्या गिझरवर लिटर आणि किलोवॅट लिहिलेले असतात. पाणी गरम व्हायला किती वेळ लागायला पाहिजे ते काढ आणि मग घड्याळ लावून बघ. मजा आली तर केमिकल घे, कंटाळा आला तर दुसरं बघ.

जुनी_यूडीसीटी
रबाळेवाल्यांशी नव्वद टक्के सहमत, पण केमिस्ट्री लागतच नाही असं पोरीच्या डोक्यात भरवू नका. आयसीटी म्हणजे आमची यूडीसीटी, १९३३ ची. आमच्या वेळी बीएस्सी करून मग बीएस्सी टेक करायचे. डॉ. रेड्डीज काढणारे अंजी रेड्डी त्या दाराने आले, पुढे पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पीएचडी. मुकेश अंबानी त्याच संस्थेतून केमिकलची बीई. म्हणजे दोन्ही दारं जुनीच आहेत.

फरक समजायचा तर अमोनिया बघ बाळा. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया होतो हे हाबरने १९०९ मध्ये टेबलावर करून दाखवलं, थेंब थेंब. कारखाना उभा केला बीएएसएफ या जर्मन कंपनीच्या बॉशने, आणि त्याची नळी फुटायची! का, तर एवढ्या दाबाला आणि तापमानाला हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन खायचा. बॉशने आतून मऊ लोखंडाचं अस्तर दिलं आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोकं पाडली, आत झिरपलेला हायड्रोजन निघून जावा म्हणून. १९१३ ला ओपाउचा कारखाना सुरू. हा बॉश शिकलेला धातुशास्त्र आणि केमिस्ट्री दोन्ही, म्हणून त्याला दोन्हीकडचं दिसलं. आपल्या ट्रॉम्बेच्या आरसीएफ खत कारखान्यात अमोनिया होतो तो त्याच पद्धतीचा.

केमिकल टेक्नॉलॉजी मधली जागा आहे, डाय, पॉलिमर, ऑइल, फूड, फार्मा असं एक क्षेत्र धरून केमिस्ट्री आणि इंजिनीअरिंग दोन्ही. तुझं वर्णन वाचून मला तेच आठवलं.

घणसोलीकर
बाबा बरोबर बोलतायत. ठाणे-बेलापूर रोडला केमिकल बेल्ट म्हणायचे, आता बघा, आयटी पार्क आणि डेटा सेंटर. प्लांटची नोकरी हवी तर गुजरातेत दहेज, झगडिया, नाहीतर कोकणात महाड, लोटे. घरचा डबा विसरा.

महापे_लॅब
मी बीएस्सी, एमएस्सी करून आर अँड डीत आहे, महाप्यालाच, आणि डबा घरचाच असतो, त्यामुळे सगळंच गेलं असं नाही हो घणसोलीकर. पण खरं सांगू का, नुसत्या बीएस्सीवर क्यूसीमध्ये (मालाची तपासणी) एचपीएलसी मशीनसमोर बसण्यापलीकडे जायला वेळ लागतो. हैदराबादचा तो कोर्स केमिस्ट्री विभागाचा आहे, त्यामुळे ओढा रिअ‍ॅक्शनकडे असणार, अभ्यासक्रम त्यांच्या साइटवरून उतरवून घे आणि हीट ट्रान्सफर, मास ट्रान्सफर किती आहे ते मोज. अजून एक, गेट परीक्षेला (एमटेक आणि सरकारी कंपन्यांसाठीची) केमिकल आणि केमिस्ट्री हे दोन वेगळे पेपर आहेत, आणि सरकारी कंपन्यांच्या जाहिरातीत चालणाऱ्या शाखांची यादी दिलेली असते. इंडस्ट्रिअल केमिस्ट्री हे नाव त्यात बसतं का ते आधी जुन्या जाहिराती काढून वाच, पास झाल्यावर कळून उपयोग नाही.

कळव्याची_पोर
काका, ताई, सगळ्यांना थँक्यू. गिझर केला! १५ लिटर, २ किलोवॅट. पाणी २५ वरून ६० ला न्यायचं धरलं तर १८ मिनिटं आली, घड्याळ लावलं तर दिवा बंद व्हायला २२ मिनिटं. ती ४ मिनिटं गेली कुठे म्हणून सकाळभर डोकं खाल्लं सगळ्यांचं. टाकी स्वतः पण गरम होते ना? आणि बाहेर पण थोडी उष्णता जाते? की ६० हा आकडाच माझा चुकला?

रबाळे_सी_शिफ्ट
तिन्ही असू शकतं. व्होल्टेज कमी असेल तर हीटर २ किलोवॅट देत पण नाही, ते राहिलं तुझं. त्या ४ मिनिटांच्या मागे लागलीस ना, मला तेच बघायचं होतं. रोटेशनला घाबरू नकोस, ते आम्हाला फार लागत नाही.

कळव्याची_पोर
मग मी आयसीटीचं केमिकल टेक्नॉलॉजी सगळ्यात वर टाकतेय, खाली केमिकल. हैदराबादचा अभ्यासक्रम वाचून ठरवते.

काल जेवताना बाबांना विचारलं तुमच्या रिअ‍ॅक्टरला ब्राइन (खारं पाणी) कशाला लागतं, साधं पाणी का नाही चालत. आधी म्हणाले तुला काय करायचंय. मग म्हणाले अगं आपल्याकडे कूलिंग टॉवरचं पाणी किती थंड होणार, बॅच पाचला धरायची तर ब्राइनच लागतं, आणि ते शून्याच्या खाली नेलं तरी गोठत नाही, आणि मग ताटात आमटीच्या वाटीभोवती भाताची भिंत घालून मला जॅकेट दाखवलं. आई तीनदा ओरडली. केमिकल नको हे कालपासून एकदाही म्हणाले नाहीत.

रबाळे_सी_शिफ्ट
आता त्यांना रप्चर डिस्क विचार, दाब वाढला की रिअ‍ॅक्टरच्या आधी फुटते ती चकती. जेवण झाल्यावर.