२ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क ‘फॉरमॅट करा’ म्हणते. रिकव्हरीसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

नाट्यप्रेमी_फोंडा

नमस्कार मंडळी. २.५ इंची पोर्टेबल डिस्क आहे, फाइल सिस्टिम (फायली मांडायची पद्धत) एनटीएफएस. आत देवळातल्या उत्सवी नाटकांचं आणि चवथीतल्या घुमट आरत्यांचं सुमारे ९०० जीबी चित्रीकरण आहे, दुसरी प्रत नाही. जोडली की दिवा लागतो, फिरल्याचा आवाज येतो, टकटक नाही. विंडोज दोन-तीन मिनिटं अडकतं, मग ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असं विचारतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये आकार १,८६३ जीबी बरोबर दिसतो, पण फाइल सिस्टिमच्या जागी ‘रॉ’, म्हणजे ओळखता न आलेली.

रेकुव्हा, डिस्क ड्रिल, आर-स्टुडिओ, टेस्टडिस्क ही नावं ऐकली आहेत. यातलं कोणतं घेऊ? विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवून बघू का? कुणी फ्रीझरमध्ये ठेवायलाही सांगितलं आहे.

म्हापसा_हार्डवेअर

चेकडिस्क अजिबात चालवू नका. ते फाइल सिस्टिम ‘दुरुस्त’ करतं, म्हणजे त्याच डिस्कवर लिहितं. वाचता न आलेल्या नोंदी ते काढून टाकतं आणि फायलींचे तुकडे वेगळ्या फोल्डरात नुसत्या क्रमांकाने टाकून देतं. मग चांगलं सॉफ्टवेअर आणलं तरी नावं आणि फोल्डर परत जुळवणं कठीण.

फ्रीझरही नको. डिस्कच्या कवचाला हवेचं छोटं भोक असतं. गार डिस्क आपल्याकडच्या दमट हवेत बाहेर काढली की आत-बाहेर दव धरतं. डेटा वाचणारं हेड प्लॅटरपासून, म्हणजे फिरत्या तबकडीपासून, काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं, तिथे पाण्याचा एक कण पुरे.

सॉफ्टवेअरच्या आधी केबल आणि पोर्ट तपासा. तुमच्या डिस्कला ती रुंद, चपटी मायक्रो-बी केबल असेल तर ती सैल होते, आणि पावसाळ्यात तिच्या पिनांवर हिरवट थर चढतो. डिस्क काढून ठेवा, पिनांवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने लावा, पूर्ण वाळू द्या. मग दुसरी, आखूड केबल लावून डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला जोडा. यूएसबी ३ पोर्ट ९०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी २ फक्त ५००. हब आणि पुढचे पोर्ट टाळा. वीज जाणार असं वाटलं तर यूपीएसशिवाय काम सुरूच करू नका.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून ०५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ (वाचायला अडलेले सेक्टर) आणि सी६ (दुरुस्त न झालेले सेक्टर) या तीन ओळींचे आकडे इथे लिहा. ते सहसा षोडशमान पद्धतीत दिसतात, म्हणजे ‘१०’ दिसलं तर ते सोळा.

लिनक्स_पेडणे

वरच्या उत्तराशी सहमत. पण कोणतं सॉफ्टवेअर हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलेली सगळी रिकव्हरी सॉफ्टवेअरं आजारी डिस्कवर थेट चालवली तर तीच तीच खराब जागा पुन्हा वाचायला लावतात. आधी डिस्कची पूर्ण प्रतिमा (सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, एका फाइलमध्ये) काढायची, मग कोणतंही सॉफ्टवेअर त्या प्रतिमेवर चालवायचं. एक चुकलं तर दुसरं चालवता येतं, मूळ डिस्कला हात लागत नाही.

प्रतिमेसाठी ग्नू डीडीरेस्क्यू, फुकट आहे. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) संगणक सुरू करा. रिकामी डिस्क ४ टीबीची घ्या, २ टीबीची नको: प्रतिमाच २ टीबीची होते आणि काढलेल्या फायलींनाही जागा लागते. ती ईएक्सटी४ किंवा एनटीएफएस असू दे. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

‘एलएसबीएलके’ या लिनक्स कमांडने कोणती डिस्क कोणती ते आकारावरून ओळखा. आजारी डिस्क माउंट करू नका, म्हणजे फायली बघायला उघडू नका. पहिली फेरी ‘-डी’ आणि ‘-एन’ पर्यायांनी: सहज वाचता येतं ते घेतं, अडलेल्या जागा खरवडत बसत नाही. ती संपली की दुसरी फेरी ‘-डी’ आणि ‘-आर१’ने. ‘-आर१’ म्हणजे खराब जागांना आणखी एकच संधी. दहा-वीस लिहिलं तर डिस्क त्यातच संपेल. मॅप फाइलचं (कुठवर वाचून झालं त्याची नोंद) नाव न विसरता द्या. वीज गेली, संगणक अडकला, तरी ती मॅप फाइल असेल तर काम सोडल्या जागेपासून पुढे चालू होतं. प्रत डिस्कवर नको, फाइलमध्ये घ्या: कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं हे उलटसुलट झालं तर डिस्कवर लिहिण्याआधी डीडीरेस्क्यू वेगळा ‘फोर्स’ पर्याय मागतो, तेवढं संरक्षण मिळतं.

सेकंदाला सरासरी १०० एमबी वेगाने २ टीबीला साडेपाच तास लागतात. वेग काही केबीवर आला आणि तिथेच राहिला, किंवा डिस्क मध्येच गायब झाली, तर थांबवा. टकटक सुरू झाली तर त्याच क्षणी वीज काढा. ते हेडचं काम आहे, कोणत्याही सॉफ्टवेअरचं नाही.

प्रतिमेवर मात्र माझी पसंती डीएमडीई (हेही रिकव्हरी सॉफ्टवेअर) किंवा आर-स्टुडिओ. डीएमडीईची फुकट आवृत्ती एका वेळी एका फोल्डरातून ४,००० फायलींपर्यंत काढते, चित्रीकरणाला ते भरपूर झालं. रेकुव्हा चांगल्या डिस्कवरून चुकून पुसलेल्या फायलींसाठी बरं. टेस्टडिस्क पार्टिशन किंवा बूट सेक्टर बिघडला असेल तर. फोटोरेक हे रिकव्हरी सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी: ते फाइलची नावं व फोल्डर गमावतं, ‘एफ’ आणि पुढे आकडे एवढंच उरतं. कोणत्या नाटकाचा कोणता अंक, हे मग एकेक उघडून बघावं लागेल.

मडगाव_दुरुस्ती

एक भर. डिब्बी फोडून आतली डिस्क सॅटाला (संगणकातल्या डिस्कच्या जोडाला) जोडायचा सल्ला कुणी दिला तर थांबा. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक २.५ इंची माय पासपोर्टमध्ये यूएसबी पोर्ट थेट सर्किट बोर्डवर असतो, सॅटा जोडच नसतो, आणि डेटा त्या बोर्डवरच कूटबद्ध होतो. बोर्ड जपून ठेवा.

प्रयोगशाळेत पाठवायची वेळ आली तर अँटिस्टॅटिक पिशवी, चारी बाजूंनी दोन इंच फोम, सिलिका जेलची पुडी. आणि विचारा: स्वच्छ खोली किंवा लॅमिनार फ्लो आहे का, तपासणीनंतर आधी दर सांगतात का, डेटा न मिळाल्यास पैसे घेतात का. दुकानाच्या काउंटरवर कवच उघडणाऱ्याकडे देऊ नका.

नाट्यप्रेमी_फोंडा

केबल बदलली, फरक नाही. सी५ समोर १ए८, ०५ समोर ०, सी६ समोरही १ए८. याचा अर्थ काय?

लिनक्स_पेडणे

१ए८ म्हणजे ४२४ सेक्टर वाचता येत नाहीत. ५१२ बाइटने हिशेब केला तर जेमतेम २१२ केबी. ही फक्त आतापर्यंत सापडलेली संख्या, प्रत्यक्षात जास्त असू शकते. तरी हेड सध्या चालते आहेत, प्रतिमा काढण्याजोगी स्थिती आहे.

इतक्या थोड्या जागेने सगळी डिस्क ‘रॉ’ दिसते, कारण बिघाड नेमका फायलींच्या सूचीवर असावा. एनटीएफएस आपली मुख्य सूची सहसा पार्टिशनच्या सुरुवातीपासून ३ जीबीच्या आसपास ठेवतं, आणि राखीव प्रत फक्त पहिल्या चार नोंदींची असते. चित्रीकरण स्वतः बहुधा शाबूत आहे.

म्हणून प्रतिमा झाली की डीएमडीईत ‘पूर्ण स्कॅन’ करा. ते सूचीचे सुटे तुकडे गोळा करून जुनी फोल्डर-रचना उभी करतं. सापडलेल्यांपैकी चार-पाच मोठे व्हिडिओ आधी काढा आणि सुरुवातीला नाही, मध्यावर व शेवटी उडी मारून चालवून बघा. ते चालले तर बाकीचं सगळं काढा. तोवर मूळ डिस्क काढून कपाटात, कोरड्या डब्यात.