आधीची फुलं नर असतात

काकडीच्या वेलाला ढीगभर फुलं येऊन सगळी गळताहेत म्हणून बियाणं खराब निघालं असं तुम्ही म्हणताय, पण बियाण्याला इतक्यात दोष देऊ नका. काकडीला आधी नर फुलंच येतात आणि ती गळायचीच. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी इवलीशी काकडी दिसते. ती पिवळी पडून गळायला लागली, तर परागीभवन होत नाहीये असं समजा. वरच्या मजल्यांवरच्या गॅलरीत मधमाश्या फारशा फिरकत नाहीत, म्हणून ते काम आपणच करायचं. सकाळी नऊच्या आत ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला भाग मादी फुलात हलकेच टेकवायचा. दुपारी करून उपयोग नाही.

या चर्चेत आधी कुणीतरी ट्रेमध्ये रोपं करून मग लावा म्हटलंय. माझं मत उलट. काकडीच्या मुळांना धक्का सोसत नाही. रात्रभर भिजवलेल्या दोन-तीन बिया थेट मोठ्या कुंडीत, पेरभर खोल टोचा, नंतर एकच जोमदार रोप ठेवा. उबदार हवेत आठवड्याभरात उगवतं.

‘पूना खिरा’ हा काकडीचा वाण घरी चांगला येतो. पिकल्यावर तांबूस होतो, त्याला घाबरू नका, पण खायला कोवळाच तोडा. पाण्याची ओढ बसली की काकडी कडू होते, हे मात्र मी दर एप्रिलमध्ये गावाला जाऊन आल्यावर नव्याने शिकते!

फळं वाकडी होऊन आतून सडत असतील तर ते फळात अंडी घालणाऱ्या फळमाशीचं काम. तशी फळं कंपोस्टमध्ये टाकू नका.