मदत हवी आहे: खणाच्या कपड्यांची ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ बंद करावी का?

मी गेली दीड वर्षे कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथून खण मागवून त्याचे तयार ब्लाउज आणि कुर्ते पुण्याहून माझ्या स्वतःच्या संकेतस्थळावरून विकते. परराज्यांतही माल जात असल्यामुळे जीएसटी नोंदणी सुरुवातीलाच केली असून, सर्व नगांची किंमत 2,500 रुपयांच्या आत असल्याने कर 5 टक्के लागतो. त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रश्न परत येणाऱ्या पार्सलांचा आहे.

घरपोच पैसे देण्याच्या दर दहा ऑर्डरींपैकी तीन पार्सले न स्वीकारताच परत येतात. जाण्यायेण्याचा कुरिअर खर्च माझ्या माथी बसतो, आणि महिनाभर फिरून आलेल्या ब्लाउजची घडी इतकी चुरगळलेली असते की इस्त्री करूनही काठावरची चमक पूर्वीसारखी दिसत नाही. आगाऊ पैसे भरणाऱ्या ग्राहकांकडून मात्र क्वचितच काही परत येते, तेही मापामुळे.

मापांचा तक्ता मराठीत दिला, पाठवण्यापूर्वी फोन करून खात्री केली, ऑनलाइन भरणाऱ्यांना 50 रुपयांची सूटही दिली. फोनवर ‘हो’ म्हणणारेच दारात ‘नको’ म्हणतात, हे विशेष! मोठ्या विक्रीमंचावर जाण्याचा विचार तूर्त नाही, कारण तेथील कमिशन माझ्या नफ्यात बसत नाही.

ही सोय पूर्ण बंद केल्यास लहान गावांतील ग्राहक तुटतील, अशी भीती वाटते. ज्यांनी 100-150 रुपये आगाऊ घेऊन उरलेली रक्कम घरपोच घेण्याची पद्धत प्रत्यक्ष राबवली आहे, त्यांच्या ऑर्डरी किती घटल्या आणि परतावे किती कमी झाले?